दांडेकर पूल

'द' माझ्या तोंडात दगडासारखा बसायचा.
म्हणून कंडक्टर आला की मी म्हणायचो, सारसबाग.
'स' सरळ सुटायचा.
आठ आणे जास्त, आणि पुढं उतरून
तेवढंच मागं चालत येणं,
पर्वती डाव्या हाताला, दप्तर उजव्या.
पुणं मला पायांनी पाठ झालं ते असं,
हौसेनं नव्हे.

आप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते.
तिथं यंत्रांच्या धडधडीत सगळेच हातांनी बोलायचे.
आठ तास आप्पा कुणाहून कमी नव्हते.
घरी आले की ताटावर गप्प.
मी अडखळलो की आमटीची वाटी दूर सारून
म्हणायचे, नीट ब-ब-बोल.
रागवायचे ते नेमके कुणावर,
हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

मुलीचं नाव ठेवताना मी बाराखडी चाचपली,
विहिरीत उतरणारा पायानं पायरी चाचपतो तशी.
'श'वर पाय टेकला. शाल्मली.
साडेचार वर्षांची झाली आणि
नेमकी स्वतःच्याच नावावर थांबली.

इनामदार मॅडमना विचारलं,
हे रक्तातून आलं, की माझं ऐकून?
वजन करून सांगा म्हटलं, कुठलं किती.
त्या म्हणाल्या, कणीक मळून झाल्यावर
पाणी वेगळं मागताय?
मग म्हणाल्या, ती बोलत असताना
तुम्ही तिचं वाक्य पुरं करता.
तेवढं बंद करा.

तेवढं.

आज डेक्कनहून बसमध्ये
तिनंच सांगितलं, दोन दांडेकर पूल.
सहज. 'द' तिच्या वाटेत नव्हताच कधी.
मग शेजारच्या बाईंनी, मांडीवर मेथीची पिशवी,
विचारलं, नाव काय गं तुझं?
शा... शा...
माझ्या जिभेवर अख्खं नाव तयार.
दातांत धरलं.
अलका गेलं.
बाई मेथीच्या काड्या सारख्या करत राहिल्या,
त्यांना कुठं जायची घाई नव्हती.
गांजवे चौकाच्या सिग्नलला
नाव आलं, आपल्या पायांनी.

दांडेकर पूल आला तसा मी उठलो.
ती खिडकीशीच बसून.
म्हणाली, बाबा, पुढं सारसबागेशी उतरू
आणि चालत मागं येऊ.

मी तिला ही गोष्ट
कधीच सांगितलेली नाही.