एकच कान

खंडेराव मार्केटातल्या मेथीची जुडी सोडली,
तर त्यातलं एक पान
मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं.

'खंडोबाचा किडा. मारू नका,' चारुशीला म्हणाली.
खालच्या हंसाबेननी हात जोडले, 'जुओ, पगे लागे छे.'

कढीलिंबाच्या कुंडीत सोडलं. दुपारी
ते जोडलेले हात एकदा उघडून मिटले.
मधलं काही मला दिसलंच नाही,
दिसली ती मिटल्या कोपरात माशी.
खाल्ली डोक्यापासून, सावकाश, कणसासारखी,
मग हातांचे काटे एकेक करून चाटले.

पागेदार मास्तर भिंग घेऊन आले.
चौतीस वर्षं प्राणिशास्त्र, आवाज अजून वर्गातला.
'मादी आहे. डोळे पाच. कान मात्र एक,
तोही छातीखाली, पायांच्या बेचक्यात.
त्याला पाकोळीची चाहूल कळते,
कुठून आली ते नाही. त्याला दोन लागतात.'

मी उजव्या बाजूने ऐकत होतो.
डावा जाऊन अकरा वर्षं झाली;
मांडवीला हॉर्न वाजला
की मी चारी दिशांना एकदम दचकतो.

'मग करतात काय?'
'नर उडत असला तर पंख मिटून पडतो.
खाली कुठे आहे, तेवढं तरी माहीत असतं.'

नवरात्रात तो ट्यूबलाइटवर आला, काडीसारखा.
मैदानावर गरबा टिपेला,
मी यंत्र काढून ठेवलेलं.
त्याला त्या ढोलांचं काहीच नव्हतं.
पान हललं की एक पाऊल,
पान थांबलं की तो काडी.
वीतभर अंतराला तास लागला.
मग तिच्या पाठीवर.
मग तिनं मान मागे वळवली.
डोकं गेलं, तरी बाकीचं अंग
हातातलं काम करत राहिलं.

सकाळी कुंडीखाली दोन पंख.
चारुशीलानं ते केरात घेतले नाहीत,
कडेकडेनं झाडू फिरवला.

कार्तिकात तिनं फांदीवर फेस घातला, उलटी लटकून,
साबणाचा असावा तसा; संध्याकाळी बदामी, कडक.
पुढे आठवडाभर ती होती. मग नव्हती.

चैत्रात एका सकाळी त्या फेसातून
धाग्यांना लोंबकळत शंभरेक पिल्लं,
मुंगीएवढी, जन्मतःच हात जोडलेली.
दुपारी त्यातल्या एकानं दुसऱ्याला धरलं.
'अगं बाई,' चारुशीला म्हणाली.
बहुधा.
ती डाव्या बाजूला उभी होती.