खिळा मारायचा नाही

मुहर्रकच्या गल्लीत बलदियाचा कागद
दाराला दोऱ्यानं टांगलाय,
चिकटवायलाही मनाई.
कलम अकरा: भिंतीला ड्रिल लावू नये.
प्रवाळाचा दगड, वर जिप्समचा गिलावा.
एसीचा डबा रस्त्यावरून दिसता कामा नये.
पाटी लाकडीच, दीड हात.
रंग तीनच, तिन्ही मातकट.

मग वायर न्यायची कुठून?
इंजिनिअर बद्रिया म्हणते, "तूच सांग, उस्ताद."

शिडीवर चढलो.
तुळईवरची धूळ पुसली तर
खाली कोरलेला आकडा निघाला. ३७.
आपला, देवनागरी.

तिनं फोटो काढला, वहीत टिपलं,
तुळईला लाल फीत बांधली:
हिला आता कुणी हलवायचं नाही.

बरं झालं.
दाभोळच्या धक्क्यावर कुणीतरी
साग मोजत बसला असेल,
घाम पुसून अडतीस कोरायला घेतला असेल.

माझा व्हिसा मार्चमध्ये संपतो.

वायर तुळईच्या आडोशानं नेली,
सुती दोरीनं बांधत बांधत.
गाठ आमची, होडीची.
सोडायची तर एका ओढीत सुटते,
एरवी नाही.