ओहोटीच्या वेळची मीटिंग

मंत्रालयाने वेळ दिली अकराची.
चिलोए बेटावर त्या दिवशी ओहोटी साडेअकराला.
सान्तियागोत समुद्राचं पंचांग कुणी बघत नाही,
एर्मेलिंदा नावेलकीन म्हणाली,
आणि माझा लॅपटॉप तिने एप्रनच्या टोकाने पुसला,
मासा पुसावा तसा.

मी शाळेतली बाई. केबल कुठे खोचायची
एवढं येतं, म्हणून बोलावलेली.
आदल्या संध्याकाळी तालीम.
खिडकी पाठीशी घेतली तर पडद्यावर
नुसती सावली, भोवती उजेड.
"मी मेलेय की काय?"
टेबल फिरवलं. खाडी समोर आली
आणि तिच्या तोंडावर सगळं एकदम उमटलं:
सदुसष्ट वर्षं, वाऱ्याने सोललेले गाल,
हनुवटीवर चुलीची काजळी.
"पुसू?"
"राहू दे."

नाकपुड्याच दिसत होत्या, म्हणून
बटाट्यांचं खोकं रिकामं करून लॅपटॉप वर चढवला.
कॅमेरा तिला सापडेना. मी बोट ठेवलं.
"हा? हा तर बटाट्याचा डोळा."
जन्मभर बियाणं कापलं तिने,
डोळा राखायचा, बाकीचं हंडीत.
"ह्याच्याशीच बोलायचं. पडद्यावरच्या तोंडांकडे नाही."
"माणूस समोर असून त्याच्याकडे बघायचं नाही?"
ह्यावर मी वायर गुंडाळत बसले.

बोलायला तीन मिनिटं.
तिच्या कागदावर अकरा मिनिटांचं होतं,
सुरुवात चुलत्याच्या होडीपासून.
चुलीवर अंडं ठेवलं आणि म्हटलं, बोला.
पहिलं अंडं दगड झालं.
दुसऱ्याला होडी गेली, चुलता गेला.
तिसऱ्याला उरलं ते असं:
लुगा नावाचं शेवाळ, ते काढणाऱ्या आम्ही एकोणीस जणी,
आणि आमच्या खडकावर कंपनीचे पिंजरे का.
रात्री आम्ही तिन्ही अंडी खाल्ली, मीठ लावून.

सकाळी ओस्वाल्दोला निरोप: करवत बारानंतर.
कोंबडा टोपलीखाली.
बंदुरिया पक्ष्यांना कोण सांगणार?
ते छपरावर पत्रा बडवल्यासारखे ओरडत राहिले.
त्यांच्यासाठी आवाज बंद करायचं बटण,
वर मी लाल लोकर चिकटवली, चटकन सापडावं म्हणून.

अकरा वाजून सहा मिनिटं.
नऊ काळे चौकोन. पांढऱ्या अक्षरांत नावं, हुद्दे.
चेहरा एकच, तिचा.
कुणीतरी पाव चावत होतं.
"सेन्योरा, बोला."
तिचे ओठ हलले. नुसतेच हलले.
"आवाज येत नाहीये."
लाल लोकर. बटण.

पण मग तिने कागद उलटा ठेवला.
म्हणाली, "मी दिसतेय ना तुम्हाला?
दिसावं म्हणून काल टेबल फिरवलं.
बटाटे जमिनीवर ओतले. कोंबडा कोंडलाय.
माझ्या अठरा जणी आत्ता गुडघाभर पाण्यात आहेत,
ओहोटी मंत्रालयासाठी थांबत नाही.
मी इथे बसलेय.
तुम्ही कुठे बसलाय?"

आपण तालमीत हे घेतलं नव्हतं,
मी मनात म्हणत होते. चूल तडतडली.
बावीस सेकंदं; मी मोजली.
मग एक चौकोन उजळला:
ओल्या केसांचा मुलगा, मागे न धुतलेले कप.
मग एक बाई, गाडीत, पट्टा लावलेली.
बाकीचे सात तसेच.
"बरं," एर्मेलिंदा म्हणाली,
आणि खडकाचं सांगायला लागली,
सरळ, बटाट्याच्या डोळ्यात बघून.
दोन मिनिटं दहा सेकंदांत संपवलं.
निर्णय कळवू, एक काळा चौकोन म्हणाला.

रबरी बूट चढवता चढवता दारात थांबली.
"तो मुलगा, ओल्या केसांचा.
माझ्याकडे बघत होता, का त्याच्या डोळ्याकडे?"
"कळत नाही," मी म्हटलं. "ह्यात तेवढंच कळत नाही."
"अजून अर्धा तास पाणी खाली आहे,"
ती म्हणाली, आणि उतारावरून गेलीसुद्धा.

मी बटाटे खोक्यात भरले.
कोंबड्याला सोडायचं मात्र राहिलं, संध्याकाळपर्यंत.