मी फकत बसतो

आठवा लागला त्या सोमवारी
अंतकलाबाई आमच्या घरी आली
आणि माझ्याकडे बघायच्या आधी
तिनं खोली बघितली.

सरकीची पोती, डवऱ्याची दांडी, मोडकी खाट
आणि कोपऱ्यात फवारणीचा पंप.
"हा डब्बा भाईर काहाड," ती प्रल्हादला म्हणाली,
"लेकराच्या नाकात पह्यला वास औषिदाचा नोको."
भावानं पंप गोठ्यात नेला, भिंतीला पांढरी माती दिली.
तरी तीन दिवस तो वास तिथंच उभा होता
चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा.

मग माझं पोट.
आधी तळहात एकमेकांवर घासून ऊब आणली,
मग हात ठेवला, आत कोणी झोपलं असेल
अशा दारावर ठेवतात तसा.
"डोकं खाली हाये. पाय तुह्या फासोळ्यायले."
आईनं विचारलं, पोरगा का?
"हाताले डोकं कळते बाई, बाकी काई नाई."

तयारी म्हणजे आईचं विटकं लुगडं
फाडून, उकळून, कडक उन्हात वाळवलेलं,
कोरं पातं, कागदातून न काढलेलं,
साबण, दोरा, ओल न लागलेल्या तुराट्यांची मोळी,
आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला
जीपवाल्या मुनाफचा नंबर.
आकडे हातभर, कंदिलाच्या उजेडात
प्रल्हादला वाचता येतील एवढे.
"हे काऊन?" आई म्हणाली. "तुमचा हात असताना?"
अंतकलाबाई सुपारी कातरत राहिली.
"माह्या हाताले मी वळखतो. म्हणून."

पौषात, शेंगा सोलताना
कंबरेत काहीतरी दाराची कडी काढल्यासारखं झालं.
रात्रभर तिनं मला अंगणात चालवलं,
गोठ्यापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून गोठ्यापर्यंत.
गेंदा बैल प्रत्येक फेरीला मान वर करायचा.
"जोसना, तोंड मिटू नोको. आवाज खाली सोड, पोटात.
जात्याचा असते तसा."
मी तिला शिव्या दिल्या.
मी प्रल्हादला, जावयाला, त्या बैलाला शिव्या दिल्या.
ती भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली.
काहीतरी करा ना, मी ओरडले.
"मी काई करत नाई पोरी.
येनारं येते. मी फकत बसतो."

कळांमधल्या एका सपाट जागेवर
तिच्या तळव्यांखाली माझी कंबर असताना
विचारलं, किती झाली हो तुमच्या हातून?
"मोजले नाई."
मग बऱ्याच वेळानं, तुराटी मोडून चुलीत सारताना,
"गेल्या त्या दोघी. मंदा. इमला."
पुढं ती बोलली नाही, आणि मला
बोलायला सवड उरली नाही.

लेक आली तेव्हा कोंबडं आरवलेलं नव्हतं.
नाळेतली धडधड थांबेपर्यंत
अंतकलाबाईनं पातं उघडलं नाही.
वार पडली, ती तिनं दिव्याजवळ धरली,
उलटून, पालटून, बोटं फिरवून,
बाजारात कापड घेताना कुठं विरलंय का पाहतात तशी.
"पुरी हाये," म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा
तिचे खांदे खाली आले.

खोलीत धूर होता, साबण होता,
गरम लुगड्याचा वास होता.
लेकरानं नाक फेंदारलं.

आईनं पायलीभर ज्वारी दिली, खण दिला.
तिनं बिनसाखरेचा चहा मागितला, उभ्यानंच प्याली.
उशीर झाला होता, देवतळ्याच्या वावरात येचणी होती,
आणि किलोवर मजुरी असलेल्या माणसाला
झोप परवडत नाही.

इमला कोण, ते आईनं मला पाचवीला सांगितलं,
कवाड लावून घेऊन.

आता चुलीमागची भिंत दरवर्षी सारवते मी,
त्या आकड्यांच्या कडेकडेनं.
मुनाफनं जीप कधीच विकली.
नंबर आहे.