उष्मा कुठे जातो

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत
बाहेर चव्वेचाळीस, आत उणे चार.
सिद्रामप्पा कॉम्प्रेसरला कान लावून उभे,
गाभण गाईच्या पोटाला लावावा तसा.

तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेली.
लाद्या ओढल्या रसवंतीच्या,
लग्नाच्या, मयताच्याही.
या बर्फावर मात्र पोरं नुसती घसरतात.
विकायचा नाही, तर एवढा गोठवायचा कशाला,
हे त्यांना अजून नीट पटलेलं नाही.

मालक म्हणाले होते, दुसरा गॅस घेऊ, बिनवासाचा.
हे म्हणाले, नको. अमोनियाच बरा.
सुईएवढी फट पडली
तरी डोळ्यांत पाणी आणून सांगतो.
तो बिनवासाचा गुपचूप वर जाऊन बसतो,
मग ऊन कुणाच्या टाळूवर वाढतंय ओ?

रात्री दहानंतर पंप हळू.
दिवे गेले, पोरं गेली,
झोपलेल्या बर्फाला फार लागत नाही.
मीटरचा आकडा वहीत, पेन्सिलीनं.

आणि बर्फातून उपसलेली ऊब
भिंतीपलीकडे, पाइपातून,
गुंडेटींच्या रंगखान्यात.
तिथं सुताचं पाणी आधीच गरम येतं,
बॉयलरला लाकूड निम्मंच.

काल एक पोरगी आपटली.
कोपर सोललं, दात वाजायला लागले.
शेजारून चादर आली, लालभडक, नवी,
घडीसुद्धा मोडली नव्हती.
सिद्रामप्पांनी ओल्या बोटानं कड चोळली,
बोट उजेडात धरून पाहिलं.

रंग पक्का आहे, म्हणाले.