खिशातला फ्यूज

डीपीतून काढलेला पांढरा फ्यूज
माझ्या विजारीच्या डाव्या खिशात आहे.
चिनी मातीचा, मुठीत मावणारा.
मे महिना, सावदा, कोचूर रोड, साडेअकरा.
गल्लीतले पंखे थांबलेत,
रसवंतीची मोटार थांबलीय, उसावर माश्या,
कुणाचं तरी तान्हं एकसारखं रडतंय.

आणि वर, कडुनिंबात, मुराद तडवी.

त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात.
एक हिसका, सैल सोड.
दोन हिसके, थांब.
नुसताच ताण, म्हणजे तो ऐकतोय,
कुऱ्हाडीच्या तुंब्याने फांदी ठोकून,
आत लाकूड आहे की भुसा.
निंब वरून हिरवा, आतून वाळवीचा असू शकतो.
चिंच मोडायच्या आधी कुरकुरते तरी.
शेवग्यावर चढायचंच नाही,
तो न सांगता जातो, रुसलेल्या जावयासारखा.
मुराद हे हसत सांगतो,
पण हसताना त्याचा पाय
कधी अर्धवट टेकलेला पाहिला नाही मी.

ठेकेदाराने दोन हेल्मेटं आणली होती, पिवळीधमक.
फोटो झाला आणि परत गाडीत गेली,
तीच दोन दुपारी फैजपूरला लागणार होती.
कमरेचा पट्टा तेवढा आम्ही
द्यायला विसरलो.
अजून विसरलेलोच आहोत.

"सुपडू, कितीक येळ रे भो?"
फेगडे काका बनियनवर, हातात पुठ्ठा, वारा घेत.
"लाइन दे ना दहा मिनिटं.
फांदी तिकडे, तार इकडे,
कोणाले काय होते?"

मी खिसा चाचपतो.

दोन वर्षांमागे, न्हावीला, सुकलाल वर होता.
फोनवर सांगितलं, बंद आहे.
होतीही बंद.
मग पाळी बदलली, नवा वायरमन आला,
त्याला रिकामी खाच दिसली,
लोकांची ओरड ऐकू आली,
म्हाताऱ्या बायांचे हाल बघवले नाहीत त्याला,
त्याने चांगल्या मनाने फ्यूज बसवला.

चांगल्या मनाने.
त्यामुळे शिवी कुणाला द्यावी
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुकलालचा उजवा हात आता कोपरापर्यंतच आहे.
केळीच्या ट्रकांच्या पावत्या लिहितो, डाव्याने.
अक्षर सुधारलं म्हणतो.

तेव्हापासून फ्यूज माझ्याकडे.
वायरमनला आवडत नाही, नियमात बसत नाही,
असेल.
खालच्या माणसाला मजुरी अर्धी,
नुसतं उभं राहायचे पैसे, म्हणतात.
मान एवढी वर करून करून
रात्री पत्र्यालाही फांद्या फुटलेल्या दिसतात मला.

रसवंतीवाला आता थेट समोर येतो.
हात पुढे करतो, जणू सुटे पैसे मागतोय.
मी दोर मनगटाला एक वेढा जास्त देतो,
आणि लगेच सोडवतो,
कारण वेढा द्यायचा नसतो,
फांदी दोरात अडकून खाली आली
तर हातही तिच्याबरोबर जातो.
रागात हे विसरायला होतं.

करवत थांबली.
शेवटची फांदी पडली, धूळ उडाली,
गल्ली म्हणाली, झालं!
पण वरून दोन हिसके.
"घरटं आहे रे इथे. कावळ्याचं.
पिल्लं नीट दुसऱ्या बेचक्यात ठेवतो."

सबंध दिवसातली पहिली शिवी
मी मुरादला दिली.

तो उतरतोय.
कानामागे मुंगळे, पाठीवर मिठाचा नकाशा,
बुंध्याला पोट घासत, हातभर, वीतभर.
फेगडे काका म्हणतात, "आला ना बापा, आता तरी दे."
रसवंतीवाल्याचा हात अजून पुढेच आहे.

मुरादचा डावा पाय जमिनीला लागला.
उजवा अजून बुंध्यावर आहे.

मी खिशात हात घालत नाही.