सदतिसावी कॅसेट

साठ कॅसेटी. स्वयंपाकघराच्या टेबलावर, मीच भरल्या,
एकेक करून, पूर्ण वेळ बसून.
भावाचा अल्बम साठ वेळा ऐकणारी
अख्ख्या बफेलोत मी एकटी,
आणि मला विचाराल तर पंधराव्या खेपेनंतर
फक्त चाकांची घरघर उरते.

ऑर्लिननं तो नदीकाठच्या धान्याच्या कोठारात केला,
त्या रिकाम्या सिमेंटच्या नळकांड्यात,
जिथं टाकलेला शब्द सात सेकंद खाली येत नाही
आणि पुढचा त्याच्या अंगावर जाऊन आदळतो.
ड्रम नाहीत. ठेका म्हणजे आमच्या जुन्या फ्रिजची गुरगुर
आणि जानेवारीतला बर्फ: फावडं, डांबर, फावडं.
ध्रुवपद कुठंच नाही.
एके ठिकाणी चार मिनिटं तो नुसत्या
बंद पडलेल्या कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळा म्हणतो.

थॅडियसनं सलूनमध्ये लावला.
अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक म्हणालं, मशीन बिघडलंय का?
मशीन ठीक आहे, माणूस बिघडलाय, थॅडियस म्हणाला,
हलू नकोस, ऐक.

काझिमिरला कळेना, कुठल्या खणात ठेवावा.
महिनाभर गल्ल्याशेजारी पडून होता,
चुकलेल्या पोरासारखा.

शेजारचा ज्युरेल, वय चौदा:
पहिल्यांदा हसलो. मग कंटाळलो.
तिसऱ्यांदा ऐकला ते कुणाला सांगू नकोस.

डेमेट्रिक अकराव्या वर्षापासून ऑर्लिनबरोबर रॅप करायचा,
गेली तीन वर्षं अबोला.
गाडीत बसून ऐकला, इंजिन बंद, काचांवर वाफ,
मग आमच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला:
माझं नाव नाही घेतलंस.
सातव्यात आहे, ऑर्लिन म्हणाला, उलटं वाजवलंय.
डेमेट्रिकनं स्क्रू काढले, फीत पालटून बसवली,
पहाटे तीनला फोन केला.
बरोबर उच्चारलंयस, एवढंच म्हणाला.

आईनं कोट न काढता, उभ्यानंच ऐकला.
शब्दांबद्दल चकार शब्द नाही.
हा आपला जेफरसनच्या घरातला फ्रिज, ती म्हणाली,
दाराचं रबर गेलं होतं.
तुझे वडील दर रविवारी म्हणायचे, आणतो.
मग मागे फिरवून तेवढाच तुकडा पुन्हा.
मग पुन्हा.

आता सदतिसावीचं सांगते. कुणाला सांगितलेलं नाही.
त्या रात्री दुसरी बाजू लावताना
चुकीचं बटण दाबलं मी, माईकचं,
आणि हातावर डोकं ठेवून झोपले.
जागी झाले तेव्हा फीत संपलेली.
तपासली नाही. डबीत घातली, आकडा टाकला.

ती एम्मेटकडे गेली. फिलमोरवर रात्रीची बस चालवतो.
दर शनिवारी काझिमिरच्या काउंटरवर वाकून सांगतो:
दुसरी बाजू! एक शब्द नाही!
वीस मिनिटं नुसती खोली,
आणि खूप आत कुणीतरी श्वास घेतंय.
एवढी छाती आहे कुणाची, सांग?
बायको ऑक्टोबरात गेली, तेव्हापासून घरी टीव्ही लावायचो.
आता हे लावतो. झोप लागते.

काझिमिरनं ते ऑर्लिनला सांगितलं.
ऑर्लिन बराच वेळ गप्प.
त्यानं तसं काही केलंच नव्हतं.
मला विचारलं, तुला काही माहीत आहे?
मी भांडी घासत होते. नळ मोठा केला.

काल रात्री फिलमोरची बस पकडली,
ड्रायव्हरच्या अगदी मागची जागा.
मान जाड, टोपीखाली पांढरे केस, डाव्या हातमोज्याला ठिगळ.
बस रिकामी. हीटरची तीच ती शिट्टी.
एका सिग्नलला त्यानं आरशात पाहिलं,
कान किंचित वळवल्यासारखा वाटला.
मी श्वास रोखून धरला.
सिग्नल लाल तो लालच.